मित्राचा मत्सर रंगमंचावर कशातून दिसतो?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. नाट्यवर्गासाठी तुम्ही शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'मधले काही प्रवेश बसवताय. इयागो, म्हणजे सेनापती ऑथेल्लोला बायकोविरुद्ध भडकवणारा त्याचा विश्वासातला माणूस, करणारा मुलगा पहिल्या वाक्यापासून डोळे बारीक करून, दात आवळून बोलतो आणि ते तुम्हाला खटकतंय. हिरवा रंग मत्सराचा असं वाचल्यामुळे, ऑथेल्लोने बायकोला, डेस्डेमोनाला, दिलेल्या रुमालावर हिरवा प्रकाश टाकावा असं तुमच्या मनात आहे. शिवाय मित्रामित्रांमधल्या मत्सरासाठी जुन्या नाटककारांनी कोणती प्रतीकं वापरली आणि आपल्या संस्कृत नाटकात या भावनेचं काय होतं, हेही तुम्हाला हवंय.

हिरव्या प्रकाशाचं आधी निकालात काढते, कारण ते सोपं आहे. टाकू नका. हिरव्या डोळ्यांच्या राक्षसाची प्रतिमा त्या नाटकात आहे, तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात. पण ती बोलतो कोण? खुद्द इयागो. 'सरकार, मत्सरापासून जपा' असा हितचिंतकाचा आव आणून तो ऑथेल्लोच्या मनात ती कल्पना पहिल्यांदा सोडतो. तोवर ऑथेल्लोच्या डोक्यात तसं काही नसतं. तुम्ही हिरवा दिवा लावलात की इयागोचं म्हणणं नाटकानेच मान्य केलं असा अर्थ होतो.

आणखी एक घोळ इथेच मिटवू. ऑथेल्लोला जे होतं आणि इयागोला जे होतं ते एक नाही. आपलं आहे ते हातचं जाईल ही ऑथेल्लोची धास्ती. दुसऱ्याकडे आहे ते बघवत नाही हे इयागोचं दुखणं. पहिल्याला तीन माणसं लागतात, दुसऱ्याला दोन पुरतात. पहिला पुरावा मागत सुटतो, दुसऱ्याला पुराव्याशी देणंघेणं नसतं. ज्याला दुसरं दुखणं आहे त्याने पहिलं दुखणं धडधाकट माणसाला लावायचं, ही या नाटकाची खरी करामत.

आता मुद्द्याचं. ही नाटकं शिकवता-बसवताना माझं एक मत पक्कं होत गेलंय. मित्राच्या मत्सराचं प्रतीक म्हणून साप, विंचू, काळी सावली असलं काही हे नाटककार रंगमंचावर आणत नाहीत. ते सगळं संवादांतल्या उपमांमध्ये असतं. नटाच्या हातात प्रत्यक्ष जी वस्तू येते ती बहुतेक वेळा स्नेहाची खूण असते. कुणी भेट दिलेली, आठवण म्हणून जपलेली, एकमेकांच्या नावाने ओठाला लावलेली. मत्सरी माणूस स्वतःची वस्तू आणत नाही, तो प्रेमाचीच वस्तू उचलतो आणि तिचा उपयोग बदलून टाकतो. शत्रूवर उघड शस्त्र घेऊन चालून जाता येतं. मित्राच्या जवळ पोचायचं तर त्याच्या दारात जिला कुणी अडवणार नाही अशीच वस्तू हातात लागते.

याचं सगळ्यात नितळ उदाहरण रशियन कवी पुश्किनच्या 'मोझार्ट आणि सालिएरी'त, दोन संगीतकार मित्रांच्या नाटकात, सापडतं. १८३० साली लिहिलेलं, अवघ्या दोन प्रवेशांचं नाटक, आणि बोलणारी माणसंही दोनच. सालिएरी एकटा आहे. तो सरळ कबूल करतो की मी आता मत्सरी झालो आहे. आयुष्य झिजवून, एकेक स्वर तपासून जे हाताला लागलं नाही ते या उनाड, रिकामटेकड्या माणसाला फुकट मिळालंय, ही त्याची तक्रार मित्राकडे नाही, थेट आकाशाकडे आहे. तेवढ्यात मोझार्ट हसत येतो. सोबत एक आंधळा म्हातारा फिडलवाला. म्हातारा मोझार्टचीच चाल वेडीवाकडी वाजवतो आणि मोझार्टला हसू आवरत नाही. सालिएरीला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही, तो भडकतो.

हा प्रसंग मुलांना मी दोनदोनदा वाचायला लावते. मोझार्टला स्वतःच्या मोठेपणाचं ओझं नाही, ते ओझं सालिएरी वाहतोय. 'तू देव आहेस आणि ते तुला माहीत नाही, मला माहीत आहे,' असं तो म्हणतो, आणि मोझार्टचं उत्तर काय, तर माझ्या देवपणाला भूक लागली आहे! मत्सरी मित्राइतका गुणग्राहक श्रोता दुसरा मिळत नाही. ज्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही त्याला मोझार्टचा हेवा कशाला वाटेल?

मग विष निघतं. ते कुठून आलंय पाहा. इझोरा नावाच्या प्रेयसीने दिलेली ती शेवटची भेट, आणि अठरा वर्षं सालिएरी ती जवळ बाळगून आहे. प्रेमाच्या या ठेवीने आज मैत्रीच्या पेल्यात उतरावं, अशा अर्थाच्या शब्दांवर पहिला प्रवेश संपतो. दुसऱ्या प्रवेशात दोघं खानावळीत बसलेत. मोझार्ट बोलता बोलता म्हणून जातो की प्रतिभा आणि दुष्कृत्य एका माणसात नांदू शकत नाहीत. सालिएरी विचारतो, तुला असं वाटतं? आणि पेल्यात विष टाकतो. मोझार्ट पेला उचलतो तो सालिएरीच्या नावाने, दोघांच्या निखळ स्नेहासाठी, आणि रिकामा करतो. त्यावर सालिएरीच्या तोंडून निघतं ते असं: थांब, थांब! प्यायलास? माझ्याशिवाय?

हे 'माझ्याशिवाय' कसं म्हणायचं यावर तालमीत तास घालवले तरी थोडे. पश्चात्ताप, ढोंग, की एकत्र पेला उचलायची सवय मोडल्याचं खरंखुरं वाईट वाटणं? माझ्या मते तिसरं. त्या क्षणापुरता सालिएरी खुनी नसतो, मित्रच असतो, आणि म्हणूनच तो क्षण असह्य होतो. (जाता जाता: खऱ्या सालिएरीने मोझार्टला विष दिल्याचा कसलाही पुरावा नाही. बेथोवेन आणि शूबर्ट त्याच्याकडे शिकले, मोझार्टचा धाकटा मुलगासुद्धा. बिचाऱ्याची बदनामी मात्र नाटकांनी कायमची करून ठेवली.)

हा पेला लक्षात ठेवून 'ऑथेल्लो'च्या दुसऱ्या अंकाकडे या. सगळं जग रुमालाविषयी बोलतं, पण इयागोची पहिली वस्तू रुमाल नव्हेच, दारूचा पेला आहे. ऑथेल्लोचा लेफ्टनंट कॅसिओ सांगतोय की मला दारू सोसत नाही, आज एक झालाय तेवढा बास. इयागो म्हणतो, अरे, आपली मित्रमंडळी आहेत, एकच पेला! मग तो पेल्यांच्या खणखणाटाचं गाणं म्हणतो, सगळ्यांना ठेका धरायला लावतो, आणि घटकाभरात कॅसिओची लेफ्टनंटकी जाते. या सबंध प्रवेशात इयागो एकही कडवट शब्द कॅसिओच्या तोंडावर बोलत नाही. तुमच्या नटाला आधी हा प्रवेश द्या. इथे दात आवळून चालणारच नाही. इथे इयागो मैफलीचा जीव असला पाहिजे, असा की प्रेक्षकालाही त्याच्याबरोबर दोन घोट घ्यावेसे वाटावेत.

आता रुमाल. १६९३ मध्ये टॉमस रायमर नावाच्या इंग्रज टीकाकाराने खिल्ली उडवली होती की एका रुमालासाठी एवढा गहजब कशाला. प्रश्न वरवर रास्त आहे. पण रायमरने रुमालाचा अर्थ विचारला, त्याचा प्रवास पाहिला नाही. तो प्रवास कागदावर काढून घ्या. ऑथेल्लोच्या आईपासून ऑथेल्लोकडे, त्याच्याकडून डेस्डेमोनाकडे. पुढे ऑथेल्लोचं डोकं दुखतं, ती रुमालाने त्याचं कपाळ बांधायला जाते, तो म्हणतो, हा पुरायचा नाही, आणि बाजूला सारतो. रुमाल पडतो. इयागोची बायको एमिलिया तो उचलते, कारण नवरा कधीपासून मागे लागलाय. ती इयागोला देते. इयागो तो कॅसिओच्या खोलीत टाकतो. कॅसिओला त्यावरचं भरतकाम आवडतं, म्हणून तो आपल्या मैत्रिणीला, बियांकाला, नक्षी उतरवून घ्यायला देतो. बियांकाला वाटतं ही दुसऱ्या कुणा बाईची भेट, आणि ती तो कॅसिओच्या अंगावर फेकते. नेमका तेव्हा ऑथेल्लो लपून बघतोय.

या साखळीत एक गोष्ट दिसते. रुमाल ज्याच्या ज्याच्या हाती जातो त्याला तो कुणाच्या तरी मायेची वस्तू वाटतो. फक्त एकाच हातात तो निव्वळ कापड होतो, इयागोच्या. रुमाल म्हणजे डेस्डेमोनाचं पावित्र्य, असं समीकरण परीक्षेच्या गाइडांत असतं, आणि पांढऱ्या कापडावरच्या तांबड्या स्ट्रॉबेऱ्यांमुळे काही समीक्षक तो लग्नाच्या रात्रीशी जोडतात. वाचायला हे बरं आहे. पण नटीला 'पावित्र्य' हातात धरता येत नाही, तिला रुमालच धरावा लागतो. आणि ऑथेल्लो स्वतःसुद्धा त्याची कुळकथा दोनदा दोन तऱ्हांनी सांगतो. आधी म्हणतो, एका इजिप्शियन जादूगारणीने माझ्या आईला दिला. शेवटच्या प्रवेशात म्हणतो, वडिलांनी आईला दिलेली खूण होती. शेक्सपिअरची चूक समजून पुष्कळ जण यावरून पुढे जातात. मला ते तसं वाटत नाही. प्रेमाच्या खुणेला अर्थ माणूस देतो आणि मन फिरलं की बदलतो. इयागोला हे बाकी सगळ्यांच्या आधी कळलंय.

बसवताना एक सांगते. रुमाल पडताना कुणीही त्याच्याकडे बघू नये. ऑथेल्लो नाही, डेस्डेमोना नाही. दोघं एकमेकांकडे बघत निघून जातात, कारण त्या घटकेला तिला रुमालापेक्षा नवऱ्याची डोकेदुखी मोठी वाटते. प्रेमापोटी प्रेमाची खूण हातातून निसटते. एकदा एका नटीने तो पडल्यावर अर्धं पाऊल थांबून मागे पाहिलं, आणि पुढचा सगळा अंक खोटा वाटायला लागला. तिला दिसला असता तर तिने उचलला नसता का? त्यावर जो कुठला दिवा टाकायचा मोह होतोय तोही याच कारणासाठी आवरा. रंगमंचावरच्या माणसांना जे दिसत नाही ते प्रेक्षकांनी आपलं आपण पाहावं. त्यांना बोट धरून न्यावं लागत नाही.

त्याच प्रवेशाच्या शेवटी ऑथेल्लो गुडघे टेकून सूडाची शपथ घेतो आणि इयागो त्याच्या शेजारी गुडघे टेकतो. तू आता माझा लेफ्टनंट, असं ऑथेल्लो म्हणतो आणि इयागो उत्तर देतो, मी कायमचा तुमचा. लग्नाच्या शपथेची ही विटंबना आहे. कॅसिओचं पद आणि डेस्डेमोनाची जागा, दोन्ही एका दमात इयागोला मिळतात. हवं होतं ते मिळालं, तरी तो थांबत नाही. मत्सराचं गणित हक्काच्या पदाशी फिटत नाही ते असं. इंग्रज कवी-समीक्षक कोलरिजने म्हटलं होतं की इयागोचा दुष्टपणा बिनकारणाचा आहे आणि तो नंतर कारणं शोधत फिरतो. अर्धं खरं आहे. खरं कारण इयागो एकदाच बोलतो, पाचव्या अंकाच्या सुरुवातीला, काळोख्या रस्त्यावर, आजूबाजूला मारेकरी असताना: कॅसिओच्या रोजच्या जगण्यात एक सौंदर्य आहे, त्यापुढे मी कुरूप दिसतो. सबंध नाटकात एवढं एकच वाक्य मला त्याचं स्वतःचं वाटतं. तुमच्या नटाने सगळी भूमिका या वाक्यापासून मागे मागे जात बांधावी.

मराठीत शेक्सपिअर पहिल्यांदा आला तो याच नाटकाच्या रूपाने, १८६७ मध्ये, महादेवशास्त्री कोल्हटकरांच्या भाषांतरात. पुढे देवलांनी त्याचा 'झुंझारराव' केला. म्हणजे आपल्या रंगभूमीची या विषयाशी ओळख जुनी आहे.

ग्रीकांकडे थोडं वळू. इ.स.पू. ४५८ मध्ये एस्खिलसचं 'अगामेम्नॉन' झालं. ट्रॉयच्या दहा वर्षांच्या लढाईनंतर राजा घरी आलाय. दारापाशी रथातूनच तो म्हणतो की मित्राची भरभराट मत्सराशिवाय मानणारी माणसं फार थोडी असतात, हे मी अनुभवाने सांगतो. वाक्य शहाणपणाचं आहे. त्यानंतर थोड्याच वेळात त्याची बायको जांभळ्या रंगाची मौल्यवान वस्त्रं त्याच्या पायाखाली अंथरते. तो कचरतो. मग पायताण काढायला सांगतो आणि दुरून कुणा देवाच्या डोळ्यातला मत्सर मला न लागो असं पुटपुटत त्यावरून चालत आत जातो, मरणाकडे. मित्रांच्या मत्सराविषयी इतकं नेमकं बोलणारा माणूस, धोका घरातून येतोय हे ओळखत नाही, कारण तो स्वागताच्या रूपाने आलेला आहे. इथेही वस्तू मानाची, आदराची. अंथरलेलं वस्त्र.

सोफोक्लीसच्या 'एजॅक्स'मध्ये हे सगळं उलटं फिरवलंय, म्हणून ते मला जास्त आवडतं. अकिलीसचं चिलखत त्याच्या माघारी एजॅक्सला न मिळता ओडिसियसला मिळालं. दोघं एकाच सैन्यातले साथीदार. अपमानाने पेटलेल्या एजॅक्सला अथीना देवी वेड लावते आणि तो सरदार समजून गुरंढोरं कापत सुटतो. शुद्धीवर आल्यावर तो स्वतःला संपवतो ते कशावर? हेक्टरने दिलेल्या तलवारीवर. हेक्टर शत्रू. दोघांची झुंज बरोबरीत सुटली तेव्हा त्यांनी भेटी दिल्याघेतल्या होत्या, एजॅक्सने कमरपट्टा दिला, हेक्टरने तलवार. साथीदारांनी मान नाकारला आणि मान देणाऱ्या शत्रूची भेट छातीत गेली. मित्र कायम मित्र राहणार नाही असं धरूनच त्याला मदत करावी, असं एजॅक्स त्याच नाटकात म्हणतो. आणि शेवटी त्याच्या प्रेताला माती मिळावी म्हणून भांडतो कोण, तर ओडिसियस! ज्याचा मत्सर केला तोच. या शेवटाचं पुरेसं कौतुक होत नाही असं मला नेहमी वाटतं.

शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मधला, सीझरविरुद्ध कट रचणारा कॅशियस तुम्ही अभ्यासालाच घ्या. सीझरचा मित्र ब्रूटस याला कटात ओढायला तो त्याच्यापाशी येतो तेव्हा पहिली तक्रार राजकारणाची नसते. तुझ्या डोळ्यांत हल्ली पूर्वीचं प्रेम दिसत नाही, असं तो म्हणतो. मग स्वतःला ब्रूटसचा आरसा म्हणवून घेतो, तुला जे दिसत नाही ते मी दाखवतो. आरसा म्हणजे मैत्रीचीच जुनी प्रतिमा, तिचा वापर बघा! पुढे सीझरविषयी बोलताना काय आठवतं त्याला? दोघं वादळी टायबरमध्ये पोहायला उतरले, सीझर बुडायला लागला, 'कॅशियस, वाचव' म्हणाला आणि याने त्याला पाठीवर घेऊन काढलं. आणि तो माणूस आता देव झालाय! सालिएरीही मित्राला देवच म्हणत होता. ज्याच्या नाकातोंडात पाणी गेलेलं आपण पाहिलंय त्याची पूजा होताना पाहणं परक्याला सोसतं, मित्राला सोसत नाही. सीझर वाईट आहे हे कॅशियसचं दुखणं नाही. सीझर माझ्यासारखाच आहे, हे आहे.

सीझर त्याला बरोबर ओळखतो. आपल्याहून मोठा कुणी दिसला की अशा माणसांचा जीव थाऱ्यावर राहत नाही, असं तो अँटनीला सांगतो, वर मी मात्र घाबरत नाही अशी पुस्तीही जोडतो. पाचव्या अंकात कॅशियस मरतो तो ज्या तलवारीने सीझरला भोसकलं तिनेच. सोफोक्लीसची युक्ती वेगळ्या वाटेने इथे पोचली आहे. अखेरीस अँटनी म्हणतो की ब्रूटस सोडून बाकी सगळ्यांनी मत्सरापोटी हे केलं. नाटक आपला निकाल इतका उघड क्वचितच देतं.

'द टू जंटलमेन ऑफ व्हेरोना' ओझरतं सांगते. प्रोटियसला मित्र व्हॅलेंटाइनची प्रेयसी हवीशी वाटते. तो मित्राच्या पळून जायच्या दोराच्या शिडीची बातमी फोडतो, आणि स्वतःच्या ज्यूलियाने दिलेली अंगठी त्या दुसरीला पाठवतो. नाटक कच्चं आहे, शेवट तर पचतच नाही, पण वस्तूंचं हे तंत्र शेक्सपिअर किती लवकर वापरू लागला होता ते यातून कळतं.

संस्कृत नाटकाचं. 'नाट्यशास्त्र' लिहिणाऱ्या भरताने आठ स्थायीभाव (टिकणाऱ्या भावना) मानले आणि तेहतीस व्यभिचारीभाव (येत्या-जात्या भावना). असूया, म्हणजे मत्सर, त्या तेहतिसांत आहे. म्हणजे ती येते, रंग चढवते, निघून जाते. तिचा रस होत नाही. त्यामुळे केवळ मत्सराच्या पायावर सबंध नाटक उभं करण्याची वाट या शास्त्रात फारशी उघडी नाही. मत्सर आला की तो लवकरच दुसऱ्या कशात तरी मुरतो, हास्यात किंवा क्रोधात.

हास्यातला पाहायचा तर कालिदासाचं 'मालविकाग्निमित्र'. गणदास आणि हरदत्त हे दरबारचे दोन नाट्याचार्य, श्रेष्ठ कोण यावर जुंपलेले. विदूषकाला ही मेंढ्यांची टक्कर वाटते, उगाच पगार कशाला द्यायचा, लागू द्या झुंज! ठरतं असं की गुरूची पारख शिष्येवरून करायची. गणदासाची मालविका नाचते, राजा तिच्यावर भाळतो, आणि हरदत्ताची पाळी यायच्या आधी मध्यान्ह झाल्याची घोषणा होते. त्याचा प्रयोग राहूनच जातो. दोन गुरूंचा जीव तोडून चाललेला कलह राजाच्या प्रेमप्रकरणाची शिडी ठरला हे त्यांना कळतसुद्धा नाही. शिक्षकाच्या पेशातल्या कुणालाही हे वाचताना थोडं टोचेल.

क्रोधातला पाहायचा तर भट्टनारायणाच्या 'वेणीसंहारा'चा तिसरा अंक. द्रोणाचार्य गेलेत, अश्वत्थामा शोकाने पेटलाय आणि दुर्योधनाने सेनापतिपद आधीच कर्णाला देऊन टाकलंय. दोघंही दुर्योधनाचे जिवलग, आणि भांडण वरवर पदाचं, आतून त्याच्या मनातल्या जागेचं. 'दैवायत्तं कुले जन्म मदायत्तं तु पौरुषम्' ही आपल्याकडे भाषणांत ठोकून दिली जाणारी ओळ याच भांडणातली, कर्णाच्या तोंडची. सुभाषित म्हणून ती थंड वाटते. प्रसंगात ऐकली तर ती घायाळ माणसाची किंकाळी आहे. भांडण विकोपाला जातं आणि कर्ण जिवंत असेपर्यंत लढणार नाही म्हणून अश्वत्थामा शस्त्र टाकतो. मित्रासाठी उचललेलं शस्त्र मित्राच्या मित्रापायी खाली पडतं, आणि नुकसान होतं दुर्योधनाचं.

आता तुमचा नट. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात असूयेचा अभिनय सांगितलाय तो त्याला वाचायला द्या. दुसऱ्याचं ऐश्वर्य, भाग्य, बुद्धी, विद्या पाहून ती उपजते, आणि चारचौघांत दोष काढणं, गुणांवर पाणी पाडणं, मान खाली घालणं, भुवया आक्रसणं, तुच्छ लेखणं यांतून दिसते. यादीत पहिलं काय आहे बघा: चारचौघांत दोष काढणं. भुवयांचा नंबर नंतर. तुमचा मुलगा भुवयांपासून सुरुवात करतोय. इयागोचं पहिलं मोठं बोलणं आठवा. कॅसिओ नुसता आकडेमोड करणारा, कधी फौज उभी केलेली नाही, पुस्तकी शिपाई! हे तो चिडून बोलत नाही, मजेत बोलतो, सोबतच्या रॉडरिगोला हसवत बोलतो. भरताला जे दिसलं ते शेक्सपिअरलाही दिसलं, कारण माणसं असंच करतात.

मी तालमीत एक काम देते. मत्सरी पात्र करणाऱ्याने प्रवेश करायच्या आधी समोरच्या पात्राचे खरे गुण मोठ्याने सांगायचे, पात्राच्याच तोंडून, एकही 'पण' न वापरता. कॅसिओ देखणा आहे, बोलायला गोड आहे, माणसं त्याला जीव लावतात. बहुतेक मुलं तिसऱ्या-चौथ्या गुणाला अडखळतात, आवाज बदलतो, नजर दुसरीकडे जाते. तिथे थांबायचं आणि म्हणायचं, हेच धर, आता संवाद बोल. डोळे बारीक करायची गरज मग राहत नाही. दुसरं, समोरच्या नटालाही काम द्या. कॅसिओने, मोझार्टने, सीझरने मित्रावर खरं प्रेम केलं पाहिजे. ते भोळसट वाटले तर सगळा खेळ फसतो आणि प्रेक्षक म्हणतो, मूर्खच होता, बरं झालं.

सादरीकरणासाठी रुमालाचा प्रवेश ठेवा, पण त्याच्याआधी तीन छोटे तुकडे जोडून पाहा असं सुचवेन: 'ऑथेल्लो'तला मद्यपानाचा प्रवेश, पुश्किनची खानावळ, आणि 'ज्युलियस सीझर'च्या चौथ्या अंकातलं तंबूतलं भांडण. तिन्हींत पेला आहे, तुम्ही प्रॉपर्टी म्हणून एकच पेला तिन्हींत फिरवू शकता, साधा, धातूचा, टेबलावर ठेवला की आवाज होईल असा. तंबूतल्या प्रवेशात ब्रूटस आणि कॅशियस एकमेकांना नाही नाही ते बोलतात, कॅशियस छाती उघडी करून खंजीर पुढे करतो, आणि शेवटी दोघं एकाच वाडग्यातून पितात. तिन्हींत हा एकच पेला विषारी ठरत नाही, म्हणून तो शेवटी घ्या. मध्ये घुसणारा कवी कापलात तरी चालेल. ब्रूटसची बायको पोर्शिया हिच्या मृत्यूची बातमी मात्र कापू नका. भांडताना ब्रूटस ती मनात धरून होता हे कॅशियसला तेव्हा कळतं, आणि त्यानंतर तो पेल्याला हात लावतो.